हात जोडणारे आणि हरकत घेणारे

रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी चालली. तिचा विषय निघाला की ओस पडलेले रस्ते, हार घातलेले टीव्ही संच आणि पडद्यासमोरच्या उदबत्त्या एवढेच आठवते. तो भक्तिभाव खरा होता, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण भाग संपल्यावर घराघरांत आणखी एक सूर उमटत असे: ‘हे असं नव्हतं.’ पुराणकथांवरच्या मालिकांना मिळालेल्या प्रतिसादात या हरकतीचे मोल सर्वांत मोठे आहे. ती खुसपट काढणाऱ्यांची खोड समजली जाते, हा अन्याय आहे. कथा आपली वाटते तोच हरकत घेतो.

चेन्नईतील अड्यारसारख्या ठिकाणी या हरकतीला भक्कम आधार होता. थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्य केंद्र १८८२ पासून येथे आहे. कर्नल ऑल्कट यांनी १८८६ साली स्थापन केलेल्या अड्यार ग्रंथालयात संस्कृत पोथ्यांचा मोठा संग्रह आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये कलाक्षेत्राची सुरुवात येथेच केली. कलाक्षेत्राने १९५५ ते १९७० या काळात वाल्मीकींच्या संहितेवर सहा नृत्यनाट्ये बसवली. ‘सीता स्वयंवरम्’ हे पहिले, ‘महापट्टाभिषेकम्’ हे शेवटचे. त्यांचे संगीत म्हैसूर वासुदेवाचार्यांनी हाती घेतले आणि त्यांच्यामागे नातू एस. राजाराम यांनी पूर्ण केले. इतक्या निगुतीने उभी राहिलेली रामकथा ज्याने पाहिली, त्याच्याजवळ मालिकेला लावायला स्वतःचे माप होते.

सीताहरणाचा प्रसंग पाहावा. वाल्मीकींचा रावण सीतेचे केस धरतो आणि तिला बळाने उचलतो. बाराव्या शतकातील तमिळ कवी कंबन याला तो स्पर्श सोसवत नाही. त्याचा रावण पर्णकुटी जमिनीसकट उपटून नेतो. मालिकेत लक्ष्मण कुटीभोवती रेषा आखतो. ती वाल्मीकींत नाही आणि कंबनमध्येही नाही. मालिकेच्या श्रेयनामावलीत मात्र आधारग्रंथ म्हणून वाल्मीकी, तुलसीदास, कंबन आणि एकनाथांचे भावार्थ रामायण अशी नावे ओळीने येतात. म्हणजे अड्यारमधील एखादे मराठी घर आणि त्याचा तमिळ शेजारी या दोघांच्याही परंपरेला निर्मात्यांनी नमस्कार केला होता. दशरथ आणि कौसल्या यांच्या भूमिकांत बाळ धुरी आणि जयश्री गडकर हे मराठी दांपत्य असल्याने मराठी घरांना वेगळी आपुलकीही वाटली. तरी नमस्कार करणे वेगळे आणि निवड करणे वेगळे. प्रत्येक प्रसंगी एक पाठ पडद्यावर आला आणि बाकीचे बाहेर राहिले.

इतिहासकार रोमिला थापर यांनी १९८९ च्या जानेवारीत हाच धोका मांडला: सरकारी माध्यमातून एकच रामायण घरोघर पोहोचले, तर बाकीची झाकोळली जातील. ही भीती रास्त होती. मात्र प्रेक्षक निमूट बसला नव्हता. राज्याभिषेकावर मालिका संपवायचे ठरले तेव्हा वाल्मीकींना आपला पूर्वज मानणाऱ्या सफाई कामगारांनी १९८८ मध्ये जालंधरसह उत्तरेत संप केला. ज्या उत्तरकांडात वाल्मीकी स्वतः वावरतात आणि लव-कुशांना वाढवतात, तेच गाळले जाणार होते. सरकारला पुढचे भाग मंजूर करावे लागले. या पुढच्या भागांत सीता स्वतःच वनात जाण्याचा आग्रह धरते. सीतात्यागाचा बोल रामावर येऊ नये म्हणून केलेली ही तडजोड उघड दिसते.

बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ मालिका २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात ९४ भागांत झाली. राही मासूम रझा यांचे संवाद आणि नितीश भारद्वाज यांचा कृष्ण लोकांनी डोक्यावर घेतले. पण या मालिकेतील एका प्रसंगावर हरकत घेणे आजही गरजेचे आहे. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी त्याच्या बापाच्या आंधळेपणावरून टोमणा मारते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने देशभरच्या हस्तलिखितांवरून सिद्ध करून १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हा टोमणा नाही. तिथे हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक. द्रौपदीही बायकांसह हसली हे नंतर कळते, तेही जळफळत धृतराष्ट्राकडे आलेल्या दुर्योधनाच्या तोंडून. साक्षीदारच असा, तर त्याचे म्हणणे तपासून घ्यायला हवे.

हा फरक किरकोळ नाही. तो टोमणा खरा धरला की वस्त्रहरणाचे बीज द्रौपदीच्या जिभेवर येते आणि ‘तिनेच ओढवून घेतले’ असे म्हणणाऱ्याला आधार सापडतो. टोमणा मालिकेच्या आधीही लोककथांत होता, पण मालिकेने त्याला चेहरा आणि आवाज दिला. इरावती कर्वे यांनीही ‘युगान्त’मध्ये द्रौपदीला सोडलेले नाही, भर सभेत तिने विचारलेला प्रश्न त्यांना घातक वाटला. पण संहितेवर बोट ठेवून केलेली अशी टीका वादाला जागा ठेवते. कानावर पडलेल्या संवादावरून दिलेला दोष ती ठेवत नाही.

मालिका येतच राहणार. स्टार प्लसवर २०१३ साली सुरू झालेले नवे ‘महाभारत’ विजय टीव्हीवर तमिळमध्ये रंगले आणि जुने ‘रामायण’ २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत पुन्हा दाखवले गेले. परदेशातील मराठी मुलांची या कथांशी पहिली ओळख बहुधा अशा मालिकांतूनच होते. म्हणून मराठी मंडळांनी मालिकेतला एकच प्रसंग मुलांना दाखवावा, आणि त्याच बैठकीत तो संहितेतून, ‘युगान्त’मधून किंवा भावार्थ रामायणातून वाचून घ्यावा. मयसभेपासून सुरुवात करता येईल: कोण हसले, ते कोणी सांगितले आणि कोणाला सांगितले, हे प्रश्न दहा वर्षांच्या मुलालाही विचारता येतात.