क्रोशाचे विणकाम आणि झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या समाजास इतकी प्रिय आहे की, जेथे तिचा काडीचाही संबंध नाही तेथेसुद्धा ती लागू करण्यास आपण चुकत नाही. घरची तंगी, कुळाची अब्रू, स्वतःचे अज्ञान या गोष्टी मुठीत झाकून ठेवणे एक वेळ शहाणपणाचे ठरेल. परंतु विद्या आणि कला यांस हाच न्याय लावला म्हणजे काय होते? मुठीतील सव्वा लाख कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत, आणि ज्या दिवशी तो हात थंड पडतो त्या दिवशी मुठीत काय होते हे सांगावयासही कोणी उरत नाही. आमच्या मते मराठी घरांतून क्रोशाच्या विणकामाची आज हीच गत होत आहे. यास्तव या विषयावर दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

‘क्रोशा!’ असे म्हणून आमचे काही वाचक येथेच भुवया उंचावतील, हे आम्ही जाणून आहोत. जेथे ग्रंथांची परीक्षणे छापावयाची तेथे रुमाल, तोरणे आणि तान्ह्या मुलांची टोपडी यांची चर्चा कशास, असे त्यांस वाटेल. त्या भुवयांचा समाचार आम्ही पुढे घेणारच आहोत. तूर्त एवढेच सांगतो की, या कलेचे शत्रू दोन आहेत. एक माजघरात बसतो व दुसरा दिवाणखान्यात. माजघरातील शत्रू म्हणतो, ‘ही माझी वीण, ती मी कोणास का सांगावी?’ दिवाणखान्यातील शत्रू म्हणतो, ‘यात सांगण्यासारखे आहे तरी काय?’ वरवर पाहता हे दोघे परस्परविरुद्ध दिसतात. परंतु त्यांचे मूळ एकच आहे. क्रोशाकाम ही एक विद्या आहे, आणि विद्या म्हटली की ती मांडावी, तपासावी व पुढे द्यावी लागते, ही गोष्ट दोघांसही मान्य नाही.

प्रथम माजघराकडे वळू. लग्नघरी रुखवत मांडलेले असते. त्यात आठ पाकळ्यांच्या फुलांचा एखादा सुरेख टेबलक्लॉथ सर्वांचे लक्ष वेधून घेतो. कोणी होतकरू मुलगी भीत भीत विचारते, ‘मावशी, ही पाकळी कशी हो उचलली?’ मावशी हसून उत्तर देतात, ‘अगं, सोपं आहे. हातालाच कळतं ते.’ या उत्तरात विनय आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांस आमचा नमस्कार! हा विनय नव्हे. हा विनयाचा पदर ओढून केलेला नकार आहे. त्या वर्षी मावशींची वीण दुसरीच्या रुखवतात दिसत नाही हे खरे. पण वीस वर्षांनी ती मावशींच्या स्वतःच्या नातीच्या रुखवतातही दिसत नाही. तो टेबलक्लॉथ ट्रंकेत पिवळा पडतो, आणि सून तो उलगडून म्हणते, ‘आमच्या सासूबाई फार छान विणायच्या.’ एवढेच श्राद्ध त्या कलेच्या वाट्यास येते.

‘हातालाच कळते’ हे म्हणणे कितपत खरे आहे, तेही पाहू. मुक्या खांबांचे सपाट वर्तुळ विणावयाचे झाल्यास पहिल्या फेरीत ६ खांब घालावे, आणि पुढे प्रत्येक फेरीत सहासहाने वाढवीत १२, १८, २४ असे जावे. वाढ कमी पडली तर कडा वर उचलून वाटी होते. जास्त झाली तर झालर पडते. ही वाढ प्रत्येक फेरीत एकाच जागी केली तर वर्तुळाचा षटकोन होतो. म्हणून वाढीची जागा फेरीगणिक थोडी सरकवावी. आरंभीची साखळी आवळली जाऊन रुमालाची एक बाजू आखूड होत असेल, तर साखळीपुरती एक नंबर मोठी सुई घ्यावी. ओळीगणिक रुमाल निमुळता होत चालला, तर ओळीच्या शेवटचा खांब राहून जात आहे असे समजावे व प्रत्येक ओळीस खांब मोजावे. आता वाचकांनीच सांगावे, यात शब्दांत न येण्यासारखे काय आहे? सांगितले असते तर पाच मिनिटांचे काम. न सांगितल्यामुळे एकेका मुलीने सहासहा वेळा उसवून शेवटी सुई कपाटात टाकली, अशी उदाहरणे घरोघर आहेत. हातास वळण लागावयास सराव पाहिजे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु सराव कशाचा करावयाचा, हे तर तोंडानेच सांगावे लागते!

विणीची मालकी जपण्याची ही वृत्ती केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ सुरू झाला. त्या काळात तेथील बायकांना क्रोशाची जाळी विणावयास शिकवून चार पैसे मिळवून देण्याचे प्रयत्न झाले. १८४७ साली मोनॅहन परगण्यातील क्लोन्स या गावी तेथील धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड हिने सुरू केलेला उद्योग यांत प्रसिद्ध आहे. तेथे अमुक फूल अमुक घरचे, अशी मालकी चाले आणि घरोघर आपापले नमुने जपले जात, असे सांगतात. त्या बायकांस दोष देण्यास आमची जीभ धजत नाही, कारण त्यांच्या फुलात त्यांच्या मुलांची भाकरी होती. पण ज्या आमच्या भगिनींच्या घरी परमेश्वरकृपेने दोन वेळची ददात नाही, त्यांनी कोणत्या दुष्काळाच्या भीतीने आपली पाकळी लपवावी? आणि हेही ध्यानात ठेवावे की, त्याच दशकात रिएगो द ला ब्रांशार्दियेर नावाची बाई लंडनमध्ये क्रोशाच्या कृतींची पुस्तकामागून पुस्तके छापीत होती. ज्यांनी क्लोन्स पाहिले नाही, ज्यांना घरात शिकविणारे कोणी नाही, अशांच्याही हाती ही कला पोचली ती छापलेल्या, सांगितलेल्या, उघड केलेल्या कृतींमुळे पोचली.

आता दिवाणखान्यातील विद्वानांकडे येऊ. त्यांचा पहिला आक्षेप असा की, हा रिकामपणचा उद्योग. चार बायका जमून सुया हलवितात व जिभाही हलवितात, त्यास ज्ञानाची देवघेव हे भारदस्त नाव कशास? ‘रिकामपणचा उद्योग’ हे शब्द किती महाग पडतात, याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. आंध्रातील गोदावरीकाठच्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनरी मंडळींनी क्रोशाची जाळी नेली, आणि पुढे तिचा परदेशी व्यापार वाढला. मारिया मीज या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथील विणकरणींवर १९८२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसाचे अनेक तास विणणाऱ्या त्या बायकांस कोणी कामकरी म्हणत नव्हते. त्या गृहिणी, आणि त्यांचे विणणे फावल्या वेळचे, असे सर्वांनी धरून चालल्यामुळे त्यांच्या पदरी अत्यल्प मोबदला पडत होता, हे त्यात दाखविले आहे. शिवाय काम वाटलेले असे: एकीने फुले विणावयाची, दुसरीने ती जोडावयाची, आणि माल कोठे, कितीस जातो हे व्यापाऱ्याने जाणावयाचे. कलेचे ज्ञान तुकड्यातुकड्यांनी वाटले गेले आणि तुकडे जोडण्याची किल्ली भलत्याच्या हाती गेली म्हणजे हे असे होते. तेव्हा ज्या चार बायका एकत्र बसून आरंभीच्या साखळीपासून अखेरच्या गाठीपर्यंत सर्व कृती एकमेकींस सांगतात, त्या गप्पाच मारीत असल्या तरी फार शहाण्या गप्पा मारीत आहेत, असे आम्ही म्हणू.

दुसरा आक्षेप: यात बुद्धीचे काम ते काय? या प्रश्नाचे उत्तर आम्ही गणिताकडूनच देवू इच्छितो. युक्लिडाच्या भूमितीत एका बिंदूतून दिलेल्या रेषेस समांतर अशी एकच रेषा काढता येते. जिच्यात अशा अनेक रेषा निघतात ती निराळी भूमिती एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्स्की व बोल्याई यांनी मांडली. पण ती हातात धरून दाखविता येईल असा टिकाऊ नमुना करणे मोठे कठीण. कागदाचे नमुने फाटत. १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दायना ताइमिना या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी क्रोशाची सुई उचलली, ठराविक प्रमाणात खांब वाढवीत गेल्या, आणि ते पृष्ठ लोकरीत उभे केले. ज्या झालरीस आमच्या मावशी ‘चुकलं, उसव’ म्हणतात, तीच ही झालर! पुढे २००५ साली मार्गारेट व क्रिस्टीन वर्थहाइम या भगिनींनी याच विणीतून प्रवाळाची विणलेली बेटे उभारण्याचा उपक्रम लॉस एंजेलिस येथे आरंभिला, व देशोदेशींच्या असंख्य विणकरणींनी त्यात भर घातली. मूळ कृती मुठीत राहिली असती तर यांपैकी काय घडले असते?

आणि भाषेचे अभिमानी म्हणविणाऱ्यांस आम्ही आणखी एक गोष्ट सुचवितो. परिभाषा घडविण्यासाठी आपल्याकडे समित्या बसतात, कोश निघतात, आणि त्यांतील अर्धे शब्द कपाटातच वृद्ध होतात. इकडे आमच्या बायकांनी कोणतीही समिती न नेमता ‘साखळी’, ‘खांब’, ‘मुका खांब’ असे शब्द रूढ केले. ‘मुका खांब’! उंची नसलेल्या, जणू बोलण्यापूर्वीच गप्प बसलेल्या टाक्यास याहून नेमके नाव कोणत्या पंडितास सुचले असते? इंग्रजीत तर याच टाक्यास ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’ म्हणतात व अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’. त्यामुळे पुस्तक कोठले हे पाहिल्यावाचून विणावयास बसणाऱ्याचा रुमाल भलत्याच मापाचा होतो. आमचे मराठी शब्द या घोटाळ्यातून सुटले आहेत. पण शब्द जगतात ते बोलल्याने. ज्या दिवशी विणणाऱ्या एकमेकींशी बोलणे सोडतील त्या दिवशी हे शब्दही मुके होतील.

तिसरा आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. काही भगिनी विणकामावर पोट भरतात; स्वतः नवा नमुना रचून त्याची लिखित कृती विकतात. सर्व काही वाटून टाका असे आम्ही म्हणू लागलो तर त्यांनी जगावे कसे? आमचे उत्तर असे की, देणे आणि लुबाडणे यांत भेद आहे. दुसरीने श्रम करून लिहिलेली, आखलेली व विक्रीस ठेवलेली कृती तिला न विचारता नकलून वाटणे ही चोरीच होय. १९५७ चा कॉपीराइटचा कायदाही लिखित मजकुरास व आकृतीस संरक्षण देतो. परंतु खांब कसा घालावा, कड कशी सरळ ठेवावी, दोरा कोणता घ्यावा, या युक्त्या कोणा एकीच्या नव्हेत. त्या आजीकडून, शेजारणीकडून, शाळेतील शिवणाच्या बाईंकडून फुकट मिळालेल्या आहेत. फुकट मिळालेले फुकट पुढे द्यावे, आणि नवे रचलेले रचणारीच्या नावानिशी द्यावे किंवा घ्यावे, एवढा विवेक ठेवला म्हणजे पुरे. शिवाय अनुभव असा की, जेथे शिकणारणी वाढतात तेथेच चांगल्या नमुन्याची किंमत जाणणारे गिऱ्हाईकही वाढते. ज्यांस खांब आणि मुका खांब यांतला फरक कळत नाही, ते महिनाभराच्या कामाचे दाम करताना बाजारातील यंत्रावरच्या जाळीशी तुलना करतात. एकदा सुई धरलेला मनुष्य तसे करीत नाही.

मिळून काम केल्याने काय होते, याचे अलीकडचे उदाहरण चेन्नईचे आहे. ३१ जानेवारी २०१६ रोजी ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या मंडळाने ठिकठिकाणच्या हातांनी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरांची चादर अंथरली व गिनीज विक्रमांत तिची नोंद झाली. विक्रमांचे आम्हांस फारसे कौतुक नाही. कौतुक आहे ते याचे की, एकमेकींस न पाहिलेल्या बायकांचे तुकडे एकास एक जुळले. माप सांगितले गेले, ऐकले गेले व पाळले गेले, म्हणूनच ते जुळले.

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. ज्या घरात जुने क्रोशाकाम आहे आणि ते करणारी आजी, काकू किंवा आत्या सुदैवाने हयात आहे, तेथे तिच्याजवळ वही घेऊन बसावे. दोऱ्याचा व सुईचा नंबर, आरंभीच्या साखळ्या, प्रत्येक फेरीचे खांब, आणि कोठे चुकते, कसे सावरते, हे तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. वर तिचे नाव घालावे. हे लेखनिकाचे काम घरातील पदवीधर पुरुषांनी केले तर त्यांच्या पदवीस कमीपणा येणार नाही. आणि यापुढे रुखवतात विणलेली वस्तू मांडाल तेव्हा तिच्याशेजारी तिच्या कृतीचा कागदही मांडा; ज्या मुलीस हवा ती उतरून नेईल. वस्तू सासरी जाईल, जीर्ण होईल, विरेल. कागदावरची वीण मात्र दहा घरी जाऊन दहा हातांनी पुन्हा नवी होईल.