फवारणीचा ट्रॅक्टर आणि द्राक्षाचा जीनोम

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की आमच्या तासगावच्या घरी फोनवर दुसरा विषय नसतो. "डाऊनी आली रं. रात्री दोनला ट्रॅक्टर काढला, आज परत फवारणी," आबा सांगतात. मी इकडे कार्ल्सरूहमध्ये लॅपटॉपसमोर. त्यांच्या बागेला कॉम्प्युटर इंजिनिअरचा काय उपयोग!

इथून जवळच, झीबेलडिंगेन गावाशेजारी गायलवायलरहोफ ही द्राक्षपैदास संस्था आहे. 'रेजंट' ही वाईनची काळी जात तिथलीच. १९६७ मध्ये संकर, अधिकृत यादीत नोंद १९९६ मध्ये. मधे २९ वर्षं! तिच्यात अमेरिकन रानद्राक्षाकडून आलेलं डाऊनीरोधक जनुक आहे. रोग पानात शिरला की त्या जागेच्या पेशी स्वतःच मरतात आणि रोगाची उपासमार होते. फवारणी बंद होत नाही, पण बरीच कमी लागते.

२००७ मध्ये द्राक्षाचा जीनोम वाचला गेला, तेव्हापासून काम सोपं झालंय. कोवळ्या रोपाचं पान तपासलं की हवं ते जनुक आलंय का हे कळतं. रोग येईपर्यंत थांबायला नको. मात्र एकाच जनुकावर विसंबून चालत नाही. 'बियांका' या जातीतल्या जनुकाला चकवणारी डाऊनी २०१० मध्येच नोंदवली गेली. म्हणून आता एका वेलीत दोन-तीन जनुकं एकत्र आणतात.

आपल्याकडे तास-ए-गणेश काय, सोनाका काय, दोन्ही थॉमसनमधूनच निवडलेल्या. डाऊनीपुढे सगळ्या सारख्याच उघड्या. पुण्याच्या आघारकर संस्थेने अमेरिकन 'कटावबा' आणि ब्यूटी सीडलेसच्या संकरातून एआरआय-५१६ काढली. ती रोगाला दाद देत नाही, पण मुख्यतः रसासाठीची. निर्यातीच्या बिनबियांच्या द्राक्षात ही ताकद आणायची तर रानद्राक्षाची चव घालवत कितीतरी पिढ्या संकर करावे लागणार. तीन-चार वर्षांच्या प्रकल्पात हे बसत नाही. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि बागायतदार संघ यांनी मिळून वीस वर्षांचा पैसा आधीच बाजूला काढायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. औषधांच्या दुकानात आपण दरवर्षी घालवतोच की!

आबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वीस वर्षं? तवर मी कुठला!" मग थोडं थांबून, "रोप मिळालं तर सांग. विहिरीकडच्या कडेला एक ओळ लावून बघू."