लेझर करताय? आधी एवढं विचारा

लग्नसराई जवळ आली की तालुक्याच्या गावातसुद्धा पार्लरच्या काचेवर नवा कागद चिकटतो. 'नको असलेले केस लेझरने कायमचे घालवा. सहा सिटिंगचं पॅकेज, नववधूंना खास सवलत.' पूर्वी यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागायचं, आता बसस्टँडसमोर सोय झाली. सोय झाली ते बरंच झालं. पण थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि लेझर एकाच दरपत्रकात एकाखाली एक लिहिलेलं पाहिलं, की मला धास्ती वाटते. वॅक्सिंग चुकलं तर त्वचा दोन दिवस लाल राहते. लेझर चुकलं तर ती भाजते.

असं का होतं? लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, शोषून घेतो. त्याची उष्णता होते आणि केसाचं मूळ निकामी होतं. पण मैत्रिणींनो, हेच मेलॅनिन आपल्या त्वचेतही असतं! त्वचेच्या रंगाचे डॉक्टर सहा प्रकार मानतात. आपण बहुतेक जणी चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतो. गोऱ्यापान कातडीला चालणारी मात्रा आपल्याला चटका देऊ शकते. म्हणून सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचं 'एनडी-याग' लेझर तुलनेने सुरक्षित समजतात. 'आयपीएल' नावाचं यंत्र तर मुळात लेझरच नव्हे, आणि सावळ्या त्वचेवर ते फार जपून वापरावं लागतं. कोणतं मशीन आहे, हे विचारायला लाजायचं कशाला?

माझ्या भाचीने साखरपुड्याआधी एका पार्लरमध्ये हनुवटीवर लेझर करून घेतलं. "थोडं चुरचुरणारच म्हणाल्या त्या ताई, मावशी," असं ती मला फोनवर सांगत होती. ते चुरचुरणं नव्हतं, भाजणं होतं. काळे डाग उमटले, ते फिकट व्हायला सात-आठ महिने लागले. पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पाळी नियमित येते का?" तपासण्या केल्या, तर पीसीओएस निघालं. पार्लरमध्ये पैसे भरून घेतले, पण हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. ओठावर, हनुवटीवर अचानक राठ केस वाढू लागले, तर पुष्कळदा त्यामागे हार्मोन्सची गडबड असते. तिच्यावर उपचार न करता नुसतं लेझर केलं, तर केस पुन्हा येतात. काहींच्या बाबतीत तर चेहऱ्यावर, मानेवर उलट वाढतात.

'कायमचे' या शब्दालाही भुलू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये या कामासाठी पहिल्या लेझरला मान्यता दिली. पण तिथेही कंपन्यांना दावा करता येतो तो केस कायमचे 'कमी' होण्याचा, सगळेच्या सगळे जाण्याचा नव्हे. पांढऱ्या केसांवर तर लेझर चालतच नाही.

आणखी एक धोका, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही, तो बधिर करणाऱ्या क्रीमचा. २००७ मध्ये याच प्रशासनाने जाहीर इशारा दिला होता. २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेझरआधी पायांना असं क्रीम फासलं आणि सांगितल्याप्रमाणे वरून प्लॅस्टिक गुंडाळलं. औषध रक्तात भिनलं, झटके आले, दोघी कोमात गेल्या आणि दगावल्या. तेव्हा मोठ्या भागावर असं क्रीम स्वतःच्या मनाने कधीही लावू नका.

मग लेझर करावं कोणी? भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच याची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आणि प्रशिक्षित डॉक्टरांवर भर दिला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केसरोपण आणि सौंदर्योपचारांबद्दल बजावलं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. कागदावर हे सगळं आहे. पण बसस्टँडसमोरच्या खोलीत मशीन कोणाच्या हातात आहे, हे पाहायला तिथे आपल्याशिवाय कोण असतं?

तेव्हा पैसे भरण्याआधी एवढं कराच. डॉक्टर स्वतः त्वचा तपासतात का, ते पाहा. आधी छोट्या जागेवर चाचणी घ्यायला सांगा आणि थोडे दिवस थांबा. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. भुवईखाली, पापणीजवळ लेझर नकोच. चालू असलेली औषधं सांगा, विशेषतः मुरुमांच्या गोळ्या. गरोदर असाल तर पुढे ढकला. आधीचे काही आठवडे वॅक्सिंग-थ्रेडिंग टाळा आणि उन्हापासून जपा. लेझरने कॅन्सर होतो, अशी भीती मात्र बाळगू नका. हा एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नव्हे.

आणि आयांनो, सासूबाईंनो, मुलीच्या हनुवटीवर दोन केस दिसले की "लग्नाआधी काहीतरी कर गं" म्हणण्याआधी तिला विचारा, "पाळी वेळेवर येते ना?" पॅकेज पुढच्या महिन्यातही मिळेल.