देहालाही दोन भाषा येऊ द्या

मुलाखतीला निघालेल्या तरुणाला आपल्या समाजात दोन सल्ले हमखास मिळतात. एक क्लासवाल्यांचा आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंचा: ताठ बस, डोळ्याला डोळा भिडव, हात घट्ट मिळव, नोकरी तुझीच. दुसरा कट्ट्यावरचा: नाव वाचले की विषय संपतो, कशाला एवढी तयारी? पहिला सल्ला अर्धवट आहे आणि दुसरा तरुणाला घरी बसवतो.

पहिल्या सल्ल्याच्या पाठीशी नेहमी एक आकडा असतो. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के, असे सांगतात. हा आकडा अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाराजी, एवढेच ओळखायचे होते. भावना ओळखण्यापलीकडे हा हिशेब लागू होत नाही, हे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. मशीन अचानक बंद पडले तर आधी काय तपासाल, या प्रश्नाचे ५५ टक्के उत्तर चेहऱ्याने देता येत नाही. ते काम येत असेल तरच देता येते.

आता कट्ट्यावरचा सल्ला. तो निव्वळ कांगावा आहे असे मी म्हणणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक नावाचा. वरच्या जातीच्या हिंदू नावाशी तुलना करता मुस्लिम नावाला अनुकूल उत्तर येण्याची शक्यता जवळपास एक तृतीयांश निघाली. या अर्जदारांना कोणी बसताना, हसताना, बोलताना पाहिलेच नव्हते. म्हणून अर्जालाच उत्तर आले नाही तर ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असे म्हणून स्वतःला खाऊ नका.

पण याच अभ्यासाची दुसरी बाजू कट्ट्यावर कोणी सांगत नाही. मुलाखतीचे बोलावणे आले, याचा अर्थ तुमचे नाव वाचून झालेले आहे. वाचूनही त्यांनी बोलावले. आत पूर्वग्रह नसेलच, असे नाही. पण आता थोडेफार तुमच्या हातात आहे आणि ते सोडून देण्यात शहाणपण नाही.

मी वारूळवाडीत राहतो. शेजारीच नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आहे. हंगामात आमच्याकडची मुले तिथे क्रेटमधला माल पाहून प्रत सांगतात, व्यापाऱ्याशी भावावरून हुज्जत घालतात. त्यांची नजर खाली जात नाही. हीच मुले चाकणला मुलाखतीला गेली की खुर्चीच्या कडेवर बसतात आणि टेबलाकडे पाहत उत्तर देतात. समोरचा लिहितो: आत्मविश्वास कमी. मला हे निदान चुकीचे वाटते. या मुलांजवळ आत्मविश्वास आहे, फक्त त्या खोलीची ओळख नाही.

अनोळखी खोलीत माणूस घरचा अदब घेऊन जातो. मोठ्यांसमोर नजर खाली, आवाज हळू, विचारले तेवढेच बोलायचे. मुलींना तर हे आणखी कसून शिकवले जाते. घरी याला तमीज म्हणतात. ऑफिसात त्याचाच अर्थ ‘घाबरला’ किंवा ‘काहीतरी लपवतो’ असा लावतात. यात घरच्यांचे काही चुकले नाही आणि तुमचेही नाही. आपण घरी दखनी बोलतो आणि पेपर मराठीत लिहितो. त्याला कोणी ढोंग म्हणत नाही, घरची भाषा सोडली असेही म्हणत नाही. देहालाही अशा दोन भाषा येऊ शकतात. दुसरी शिकायची, पहिली जपायची.

दुसरी भाषा फार अवघड नाही. आत जाताना स्पष्ट आवाजात नमस्कार करा. बसायला सांगितले की पूर्ण खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकवा, हात मांडीवर किंवा टेबलावर ठेवा. ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे पाहून उत्तर सुरू करा, मग बाकीच्यांकडेही पाहा. एकटक रोखून पाहायची गरज नाही. प्रश्न पूर्ण होऊ द्या आणि दोन क्षण थांबून बोला. येत नसेल तर मान वर ठेवून ‘हे मला माहीत नाही’ म्हणा. ते खाली पाहून पुटपुटलेल्या अर्धवट उत्तरापेक्षा कधीही बरे दिसते.

हस्तांदोलनाचा प्रश्न आपल्याकडच्या अनेक मुलींना आणि काही मुलांनाही पडतो. ज्यांना परक्या स्त्री-पुरुषाशी हात मिळवायचा नाही, त्यांनी चोरट्यासारखा हात मागे घेऊ नये. छातीवर हात ठेवून, हसून, समोर पाहून नमस्कार करावा. स्वीडनमधल्या उप्साला शहरात दुभाष्याच्या नोकरीसाठी गेलेल्या एका मुस्लिम तरुणीने हेच केले, तर तिची मुलाखत तिथेच थांबवण्यात आली. ती कामगार न्यायालयात गेली आणि २०१८ साली तिला ४०,००० क्रोनर भरपाई मिळाली. आपल्या देशात तर हात न मिळवता केलेला नमस्कार कोणालाच नवा नाही.

मात्र सगळा भार उमेदवाराच्या खांद्यावर टाकणे मला मान्य नाही. पाच मिनिटांत पडणारी छाप किती बेभरवशाची असते, हे न्यायालयानेही पाहिले आहे. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या आणि प्रश्न आईवडील कोण, राहता कुठे असे होते, अशी तक्रार होती. अजय हासिया खटल्यात नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रवेशांत मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणे मनमानीचे ठरवले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असे सुचवले. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या भरतीतून मुलाखतच काढून टाकली.

खासगी कंपन्यांकडून आपली मागणी साधी असावी: सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारा आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण लिहा. पण ही मागणी करताना आपणही कुठे कुठे टेबलाच्या पलीकडे बसतो, ते आठवावे. आपल्या समाजाच्या शाळा आहेत, पतसंस्था आहेत, दुकाने आहेत. तिथे माणूस घेताना ‘कुणाचा मुलगा?’ हा प्रश्न पहिला येत असेल, मुलगी जास्त बोलली म्हणून मागे पडत असेल, तर बाहेरच्यांकडे बोट दाखवताना आपला हात थरथरायला हवा.

तोवर एक काम आपल्या हातचे आहे. या रविवारी अभ्यासिकेत किंवा शाळेच्या वर्गात तीन खुर्च्या एका बाजूला आणि एक खुर्ची समोर मांडा. तीन खुर्च्यांवर आधी नोकरीला लागलेल्यांना बसवा. त्यात एक तरी बाई असावी आणि एक जण उमेदवाराला न ओळखणारा असावा. मोबाइलवर चित्रण करा, एकत्र पाहा, पुन्हा बसा. मुलींना वेगळा दिवस देऊ नका, कारण खऱ्या मुलाखतीत तो मिळत नाही. चार रविवारांत नोकरी मिळेल अशी हमी मी देत नाही. पण ती खोली अनोळखी राहणार नाही.