गणवेशाची शिस्त आणि गावाची जीभ

सहकाऱ्याच्या पत्नीशी अनैतिक संबंध ठेवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यास बडतर्फ केल्याची बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येते, आणि घरोघर दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न. सरकारने त्यात का पडावे? कोणास ती शिक्षाही अपुरी वाटते. कायदा काय सांगतो, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो.

भारतीय दंड संहितेच्या ४९७ व्या कलमान्वये परस्त्रीगमन करणाऱ्या पुरुषास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. पतीची संमती असल्यास मात्र तो गुन्हाच नव्हे! जणू पत्नी ही पतीची मालमत्ता. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने हे कलम वैध ठरविले. २०१८ साली घटनापीठाने ते रद्द केले, आणि त्या पीठावर त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

मग सैन्याचे काय? ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, त्या निकालाचा सैन्यदलांच्या शिस्तविषयक कायद्यांशी संबंध नाही. पदास न शोभणारे वर्तन करणाऱ्या अधिकाऱ्यास १९५० च्या लष्कर कायद्याच्या ४५ व्या कलमान्वये लष्करी न्यायालय आजही बडतर्फ करू शकते.

हा भेद आम्हांस रास्त वाटतो. जवान सीमेवर जातो तेव्हा आपले कुटुंब तो सहकाऱ्यांच्या भरवशावर मागे ठेवतो. तो भरवसा तुटला, तर उद्या एकाच खंदकात दोघे उभे कसे राहावयाचे? शिवछत्रपतींच्या फौजेत बायका, बटकी, कलावंतिणी बाळगण्यास सक्त मनाई होती, असे सभासद सांगतो. फौजेची शिस्त नागरी जीवनाहून कडक असावी, ही जाणीव जुनीच आहे.

तथापि या आरोपाची सैन्यातील रूढ भाषा खटकते. सहकाऱ्याच्या पत्नीचे ‘प्रेम चोरले’, असे तेथे म्हणतात. चोरी वस्तूची होते. स्त्रीस मन आहे, हे त्या शब्दांत कोठेच नाही.

लोकमताचा न्याय तर याहून वाईट. १९५९ साली मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकरास गोळ्या घातल्या, तेव्हा लोकांची सहानुभूती गणवेशाकडे झुकली. ज्यूरीनेही त्यांस निर्दोष म्हटले. उच्च न्यायालयाने मात्र जन्मठेप दिली व १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. टाळ्यांनी खून धुतला जात नाही.

अधिकाऱ्याची शिक्षा निकालाबरोबर ठरते. त्या घरच्या स्त्रीची आणि मुलांची शिक्षा ठरविते ती आळी, आणि तिला मुदत नसते. आपल्या बहादरपुरासारख्या लहान गावात ओट्यावरचे एक वाक्य संध्याकाळपर्यंत वेशीपलीकडे पोहोचते. शिस्तीचे काम लष्करी न्यायालय करील. आपण निदान त्या मुलांसमोर तो विषय काढू नये.