समईचे आटे आणि घडीची काठी

कुंभकोणम हे ट्रेकिंगचे गाव नव्हे. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधे, भातशेतीच्या सपाट मुलखात वसलेल्या या शहराच्या आसपास चढायला डोंगर नाही. त्यातल्या त्यात उंच म्हणजे स्वामीमलैचे मुरुगनचे देऊळ, आणि तिथल्याही पायऱ्या साठच. तरीही घडीच्या ट्रेकिंग काठीविषयी लिहायचे तर सुरुवात इथूनच करायला हवी, कारण कुंभकोणमजवळच्या नाचियारकोविल गावात पितळी समया घडतात. तमिळमध्ये या समईला कुत्तुविळक्कु म्हणतात. खालची बैठक, मधला दांडा, तेलाचे ताट आणि वरचा शेंडा, ज्यावर बहुधा हंस बसलेला असतो, असे तिचे चार भाग. कावेरीच्या खोऱ्यातल्या बारीक गाळमातीच्या साच्यांत ते वेगवेगळे ओततात, कातून गुळगुळीत करतात आणि आटे पाडून एकात एक बसवतात. या कामाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दिवाळीआधी समई उकलून चिंचेने घासणाऱ्या मराठी घरांना ही रचना नवी नाही. हंसाची मान मोडली तर हंस बदलायचा, ताट गळायला लागले तर ताट. बैठक आणि दांडा पुढच्या पिढीकडे जातात. वस्तू तुकड्यांत करण्यामागे नेण्या-आणण्याची सोय असतेच, पण तिचे आयुष्य वाढवण्याचा विचारही त्यात असतो.

घडीची ट्रेकिंग काठीही तुकड्यांतच बनते. तिच्यात या विचाराचा पहिला अर्धा भाग आहे, दुसरा नाही. सह्याद्रीत ती लोकप्रिय झाली त्याला कारण आहे. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात आणि तेव्हा काठी पाठीवरच्या पिशवीत जायला हवी. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची जुनी काठी बरीच आधीची. जर्मनीतल्या लेकी कंपनीने अशी काठी 1974 साली बाजारात आणली. घडीची काठी तिच्यापेक्षा आखूड होते. तीन नळ्या, त्यांच्या पोटातून गेलेली न ताणणारी दोरी, आणि वरच्या नळीत स्प्रिंगवर बसलेले एक बटण. वरचा भाग ओढला की दोरी ताठ होते, नळ्या एकमेकींत घुसतात, बटण बाहेर येते आणि काठी उभी राहते. म्हणजे सगळा डोलारा एका दोरीवर. आणि नेमकी हीच दोरी बहुतेक काठ्यांमध्ये अशी लपवलेली असते, की ती तुटल्यावर घेणाऱ्याला वाटते काठीच गेली. माझे म्हणणे असे, की काठी गेलेली नसते. घडीच्या काठीचे बहुतेक आजार घरच्या टेबलावर बरे होणारे आहेत. आपल्याकडे कौशल्याची वानवा नाही, अडते ते सुट्या भागांपाशी, आणि ते भाग मागण्याची सवय आपण सोडली आहे तिथे.

आधी आजार पाहू. सर्वांत साधा म्हणजे लॉक ढिले पडणे. वरच्या भागाची लांबी कमी-जास्त करण्यासाठी पट्टीचे लॉक असेल तर त्याच्या बाजूला स्क्रू असतो. तो पाव फेरा आवळला की काम झाले. फिरवून आवळायचे लॉक निसटत असेल तर बहुतेक वेळा दोष आत शिरलेल्या चिखलाचा असतो. नळ्या वेगळ्या कराव्यात, जुन्या टूथब्रशने आणि कोरड्या फडक्याने आतून पुसाव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात. इथे तेल घालण्याचा मोह आवरावा, कारण हे लॉक घर्षणावरच धरते आणि तेलाने तेच जाते. बटण अडकले असेल तर तिथेही आधी माती काढावी, मगच स्प्रिंगला दोष द्यावा. खालचे टोक झिजणे हा दुसरा नेहमीचा प्रकार. टोकाला टंगस्टन कार्बाइडचा कठीण दाणा असतो, तो कातळावर घासून बोथट होतो किंवा प्लास्टिकच्या टोपणासकट निखळतो. झिजलेले टोपण उकळत्या पाण्यात थोडा वेळ धरले की सैल होते, मग पकडीने पिळून ओढावे. नवे बसवतानाही तेच गरम पाणी उपयोगी पडते. नुसत्या रस्त्यावर चालायला काठी वापरायची असेल, तर औषधांच्या दुकानात मिळणारे कुबडीचे रबर योग्य मापाचे निवडून बसवले तरी चालते.

दोरीचे प्रकरण जरा नाजूक आहे, आणि खरे रंजकही. ही दोरी बहुधा केव्हलरसारख्या धाग्याची असते. केव्हलर ओढीला जबरदस्त, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा दुमडले की थकते. नळीच्या तोंडाशी, जिथे प्रत्येक घडीला तिला वाक पडतो, तिथेच ती आधी पिंजते. काही बनावटींत ताण वाढवायला छोटा पेच दिलेला असतो, त्यामुळे नुसती सैल पडलेली दोरी तो फिरवून ताठ करता येते. तुटली असेल तर टोक काढून जुनी दोरी बाहेर घ्यावी, तुकडे जोडून तिची लांबी मोजावी, आणि तेवढ्याच जाडीची दोन-तीन मिलिमीटरची कमी ताणणारी दोरी बारीक तारेच्या मदतीने ओवावी. सगळी कसोटी गाठीची आहे. लांबी थोडी जास्त राहिली तर सांधे डुगडुगतात, कमी पडली तर बटण बाहेरच येत नाही. अशी कमी ताणणारी दोरी डायनिमा या धाग्याची घेतली, तर ती गुळगुळीत असल्याने साधी गाठ तिच्यात सरकते. आठाची गाठ मारून शेपूट लांब ठेवावे आणि शेवटची गाठ पक्की करण्याआधी काठी दोन-चारदा उघडून मिटून पाहावी. ज्यांनी परकराची नाडी सेफ्टी पिनेने ओवली आहे, त्यांना यातले निम्मे काम आधीच येते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. उतारावर माणूस काठीवर भार टाकतो. घरी केलेला जोड तिथे सुटला तर दुखापत ठरलेली. म्हणून घरच्या दुरुस्तीची सीमा काठीच्या नळीपाशी आखावी असे मला वाटते. दोरी, टोक, चकती, मुठीचा पट्टा, लॉक हे सगळे बदला. नळी मात्र जोडू नका. ॲल्युमिनियमची नळी किंचित वाकली असेल तर हलक्या हाताने सरळ होईल, पण तिला चुणी पडली असेल तर सरळ करताना धातू तिथेच कमकुवत होतो आणि पुढच्या भाराला तडकतो. कार्बनची नळी तर फारशी सूचना न देता मोडते. तिच्या चिरेवर डिंक लावणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक, आणि ती घासताना उडणारी भुकटी नाकात जाणे चांगले नाही हे वेगळेच. डोंगरात नळी मोडली तर बाहेरून दुसऱ्या नळीचा तुकडा आणि चिकटपट्टी बांधून गावापर्यंत यावे. घरी आल्यावर तो भाग बदलावा. दुरुस्त केलेल्या प्रत्येक काठीवर आधी सपाट जमिनीवर पूर्ण अंगाचा भार देऊन पाहणे, हेही दुरुस्तीचेच काम. गंमत अशी, की सुरक्षिततेचा आग्रह खरोखर धरला तर तो सुट्या भागांच्याच बाजूने जातो. नवी मधली नळी विकत मिळाली असती तर कोणी मोडकीला चिकटपट्टी गुंडाळली नसती.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. काठ्या काही शे रुपयांपासून दहा हजारांच्या वरपर्यंत मिळतात. स्वस्त काठीमागे एक संध्याकाळ कोण घालवणार? ज्याला वेळेची किंमत जास्त आहे त्याने खुशाल नवी घ्यावी. पण हिशेब पुरता मांडावा. स्वस्त काठीतही बिघडते ते बहुधा तिच्या किमतीचा अगदी लहान हिस्सा असलेले अंग. आणि मोडकी काठी टाकायची म्हटली तर ॲल्युमिनियम भंगारवाला घेतो. कार्बनच्या नळीला तो हातही लावत नाही. हमीच्या मुदतीतली काठी मात्र उघडू नये, ती दुकानदाराच्याच गळ्यात टाकावी.

आणि काठी ही केवळ हौशी ट्रेकरची वस्तू नाही, हे या आक्षेपात विसरले जाते. स्वामीमलैच्या त्या साठ पायऱ्या चढणारे अनेक यात्रेकरू वयस्कर असतात. त्यांच्या हातातली घडीची काठी आतल्या रबरी दोरीवरच उभी असते. अंध व्यक्तींची घडी होणारी पांढरी काठीही तशीच. तिथे दोरी तुटणे म्हणजे सहल बिघडणे नव्हे, त्या माणसाचे घराबाहेर पडणे थांबते. 2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना काठ्या, कुबड्या, वॉकर मोफत मिळतात आणि ते पुरवणारा सरकारी उपक्रम एक वर्ष मोफत देखभाल करतो. एक वर्षानंतर काय? तेव्हा घरातलाच कोणीतरी ती काठी हातात घेऊन बसणार, आणि त्याला योग्य मापाची दोरी नि टोक मिळते की नाही यावर सगळे ठरणार.

तिसरा युक्तिवाद उत्पादकांकडून येतो: काठी हलकी आणि बारीक ठेवायची तर सांधे बंदच करावे लागतात. तो पटत नाही, कारण मोठ्या परदेशी कंपन्या आपल्या काठ्यांची टोके आणि खालच्या नळ्या सुट्या विकतात आणि त्यांच्या काठ्या त्यामुळे जड झालेल्या नाहीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. सुरुवात म्हणून ती निवड योग्यच होती. पण क्रीडासाहित्य आणि चालण्याची साधने त्यात नाहीत, आणि कायद्याची वाट पाहत बसायला काठीसारख्या सोप्या वस्तूला कारणही नाही. नाचियारकोविलच्या कारागिरांना आटे पाडायला कोणत्या समितीने सांगितले नव्हते. समई घेणारा उद्या ताट बदलायला परत येईल, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्या दुकानदारांना ते अजून ठाऊक नाही, कारण आपण परत जातच नाही. पुढच्या वेळी काठी घ्यायला गेलात तर तिचे वजन आणि रंग पाहण्याआधी विचारा: हिचे टोक सुटे मिळते का, आतली दोरी किती मिलिमीटरची आहे, ती कुठून ओवायची? उत्तर मिळाले नाही तर काठी परत फळीवर ठेवा आणि का ठेवली तेही सांगा.