आतला मिसर आणि बाहेरचा परका



हल्ली आपल्या मंडळींत एक नवी टूम निघाली आहे. पेसह जवळ आला की कोणी ना कोणी समजावू लागतो, मिसर देश नकाशावर शोधू नका, तो मनात आहे. फारो म्हणजे आपला अहंकार, तांबडा समुद्र म्हणजे भीती. हिब्रूत मिसरला मित्स्रायिम म्हणतात आणि मेत्सारिम म्हणजे अरुंद, अडचणीच्या जागा. तेव्हा मनाच्या अडचणीतून सुटणे हेच खरे निर्गमन. हा अर्थ हसिदी रब्बींनी सांगितलेला आहे आणि मला तो आवडतोही. माझे भांडण फक्त 'हेच खरे' यातल्या 'च'शी आहे.

तोरा माणसाचे मन बदलत नाही असे मी म्हणत नाही. ती ते कसे बदलते एवढे पाहा. शेमोथच्या 23व्या अध्यायातील 9वे वचन काढा. परक्याला छळू नका, परक्याचा जीव तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्हीही मिसरात परके होता, असा त्याचा भाव आहे. तेथे हिब्रू शब्द 'नेफेश' आहे. अंतर्मनाचा याहून मोठा धडा कोणता? पण तो जीव ठाऊक झाला कशाने? खरोखरीच्या विटा थापल्या म्हणून. मिसर नुसता मनात असेल तर परकाही मनातच राहील, आणि मनातल्या परक्याला पगार द्यावा लागत नाही.

देवारीमचा 24वा अध्याय तर मजुराची मजुरी, मग तो आपला असो वा परका, सूर्य मावळण्यापूर्वी द्या म्हणतो. कारण तो तिच्याकडे जीव लावून बसलेला असतो. तेथेही शब्द नेफेशच.

अलेक्झांड्रियाचा फिलो दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. तोराचे गूढ अर्थ शोधण्यात त्याचा हात धरणारा विरळा. तरी अर्थ कळला म्हणून शब्बाथ आणि मिला सोडू पाहणाऱ्यांना त्याने खडसावले. त्याच्या मते गूढार्थ हा आत्मा आणि प्रत्यक्ष आचार हे शरीर. आत्म्याचे घर म्हणून शरीर सांभाळायचे. वॉर्डात तीस वर्षे काढलेल्या मला हे पटायला वेळ लागला नाही. पाठीला जखमा झालेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, चिंतनाने जखम भरत नाही. कोकणातल्या आपल्या शनिवार तेल्यांना तरी कोणी गूढार्थ सांगितला होता? घाणा मात्र ते शनिवारी बंद ठेवीत.

आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्यांना सांभाळायला केरळातली एक मुलगी राहते. बाईंचा मुलगा दर आठवड्याला आत्मशोधनाच्या वर्गाला जातो. गेल्या पेसहला मुलीचा दोन महिन्यांचा पगार थकला होता, आणि आई खिडकीशी बसून मुलाची वाट पाहत होती. मी त्याला जिन्यातच हटकले.

"मावशी," तो हसून म्हणाला, "तुम्ही तोरा फार वरवर वाचता."

पगार पेसहनंतर झाला.